बशीर, तो पाइप मी कापला

बशीर, तू मला दर मंगळवारी राहुरीला ट्रॉलीच्या कामाला जातो म्हणून सांगायचास. सात-आठ महिने सांगितलंस. दुष्काळात, रानात ऊसच उभा नाही तेव्हा, राहुरीत असा कोण बागायतदार आहे ज्याला दर आठवड्याला ट्रॉली दुरुस्त करून हवी असते, हे मी एकदाही विचारलं नाही. मी टेक्निकल शाळेत मापं शिकवतो. अर्ध्या सुताचा फरक मला लांबून दिसतो. तुझं एवढं मोठं खोटं दिसलं नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तुझ्या बायकोनं, हमीदाभाभींनी सांगितलं. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, राहुरीच्या लोकांना कळवलं का? त्या म्हणाल्या,

"राहुरी कुठली, मास्तरभाऊ? दवाखान्यात जायचे ते. छातीचा फोटू काढला तवाच डाक्टरनी सांगितलं हुतं, धूर बंद करा, वेल्डिंग बंद करा. मला शपथ घातली. मास्तरला सांगशील तर बघ म्हनले."

मी घरी आलो तो रडत नाही, चिडून आलो. परवा चाळिसावा झाला, तरी उतरलेलं नाही. या चाळीस दिवसांत स्टेशन रोडवरचा जो तो तुझं चांगलं बोलतो. शब्दाचा पक्का होता, हात सोन्याचा होता. सगळं खरं आहे. पण माझं तुझ्याशी भांडण आहे, आणि ते अर्ध्यावर राहिलंय. म्हणून हे लिहितोय.

आपण म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलो. मग तुला मामूंच्या वेल्डिंगच्या दुकानात घातलं आणि मी पुढं शिकत गेलो. वीस वर्षांनी शाळेच्या फाटकाचा बिजागर जोडून घ्यायला आलो, तर काळा चष्मा वर करून तू म्हणालास, "पाढे अजून येत्यात का रे मास्तर?" तोवर तू ट्रॉलीवाला बशीर झाला होतास. अर्ध्या जिल्ह्याचा ऊस तुझ्या ट्रॉल्यांवरून कारखान्यात जायचा.

गाडी मी आणली, हे मात्र कबूल. लष्करी कॅम्पातल्या एका बंगल्यामागं कडुलिंबाखाली ती चार वर्षं उभी होती. दोन माणसांची, बुटकी, विलायती स्पोर्ट्स गाडी. साहेबांची बदली झाली होती आणि मेमसाहेबांना अंगण मोकळं हवं होतं. मी त्यांच्या मुलीला गणित शिकवायला जायचो. त्या म्हणाल्या, मास्तर, तुम्हाला यंत्रांची आवड आहे, घेऊन जा. मी धावत तुझ्याकडे आलो. तू ट्रॉली घेऊन आलास, जॅक लावलास, चार दांडे मारलेस आणि गाडी मधोमध वाकली. खालची चासी गंजून पापड झाली होती. दोन्ही दारं आपोआप उघडली. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं आणि तू मातीत बसून हसत होतास.

"मास्तर, ही गाडी न्हाई. ह्यो निस्ता झगा हाय. आत हाडंच न्हाईत."

मी म्हणालो, पट्ट्या मारून जोडू. तू म्हणालास, "ठिगळं कशाला? हाडंच नवी करू."

हे मी भाभींना सांगितलं. नवी चासी करायची कल्पना तुझी होती, माझी नव्हती. त्यांना त्यानं काही फरक पडला नाही. मला पडतो.

वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात शर्यतीच्या गाडीचा फोटो होता, वरचं पत्र्याचं अंग काढून ठेवलेलं. खाली नुसता पाइपांचा सांगाडा. मी मासिक घेऊन आलो. तू ते चहा निवेपर्यंत बघत बसलास. मग म्हणालास, "ही तर सायकल हाय. चार चाकांची." मी पंधरा दिवस खपून नकाशे काढले आणि सायकलचे आरे डाख देऊन जोडून वीतभर लांबीची चासी करून आणली. तू ती दोन हातांत धरून पिळलीस. एका जागी ती वळली. "हितं तिरका पाइप पायजे," म्हणालास. मी घरी जाऊन गणित केलं. तिथंच पाहिजे होता. गणिताला मला तीन तास लागले होते.

त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला होता. हे तुला कधी सांगितलं नाही.

पाइप आपण साखर कारखान्याच्या भंगारातून निवडून आणले, बॉयलरच्या जुन्या नळ्या. बाहेरून मातकट, पण तू कानशीनं एक जागा घासलीस आणि आतून पोलाद चमकलं. वाकवायच्या आधी प्रत्येक पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बुच मारायचं, मग शेगडीवर लाल करायचा, म्हणजे वाकताना चेमटत नाही. वाळू जराही ओली राहिली तर आत वाफ होऊन बुच गोळीसारखं उडतं. एक उडालं, पलीकडच्या सायकलवाल्याच्या पाटीवर बसलं. तो आठ दिवस आपल्याशी बोलला नाही.

मग दुष्काळ आला. ट्रॉल्यांची कामं थांबली. तुझ्याकडे वेळ होता, आणि मी, मूर्खासारखा, खूश होतो. आता गाडी भराभर होईल म्हणून. पण वेल्डिंगचा गॅस करायच्या टाकीत कार्बाईडवर पाणी सोडावं लागतं, आणि पाणी टँकरचं. भाभी रांगेत उभ्या राहून दोन हंडे आणायच्या आणि त्यातलं कळशीभर तू उचलून टाकीत ओतायचास. एकदा त्या दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"लोकं पानी पित्यात," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी पीती."

तू खाली मान घालून म्हणालास, "आजच्या दिस." दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी गायब. त्यानंतर मी शाळेच्या हौदातलं, हात धुतल्यावर साठणारं पाणी सायकलला डबा बांधून आणू लागलो. भाभींना ते कळलं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा चहाला आत बोलावलं.

आपली भांडणं आठवतायत? मला कागदावर माप हवं, तू डोळ्यानं काम करणार. मी नकाशा भिंतीला लावायचो, तू त्यावर टोपी अडकवायचास. खालची चौकट जोडून झाली तेव्हा मी दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात, नाहीतर गाडी जन्मभर एका बाजूला ओढणार. तीन सुतांचा फरक आला.

"टेप खोटी हाय तुजी," तू म्हणालास.

"टेप खोटी नाही. एका बाजूचे सांधे तू आधी भरलेस. पोलाद तापलं, ओढलं गेलं."

"मी इतक्या ट्रॉल्या केल्या."

"ट्रॉली बैलगाडीसारखी ओढली जाते, बशीर. ही स्वतः पळणार आहे."

तू हत्यारं ठेवून घरात गेलास. मीही पाय आपटत निघून गेलो. सकाळी शाळेआधी आलो तर तू सुतळी धरून कर्ण मोजत होतास, टेप नव्हे, सुतळी. मला बघून न बघितल्यासारखं केलंस. संध्याकाळी आलो तेव्हा चार सांधे कापलेले होते. नंतर तू ते एक टाका या बाजूला, एक त्या बाजूला असे आलटून पालटून भरलेस. पुन्हा मोजलं. दोन्ही कर्ण सारखे. "मास्तर, तुजं बरोबर हुतं" एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? तू म्हणालास, "चहा सांग."

आणि इंजिनावरचा तिरका पाइप. त्यावरून आपण सहा महिने भांडलो. इंजिनाच्या वरून एक पाइप आडवा जाणार, तो नसेल तर पुढची बाजू पिळणार, हे दोघांनाही मान्य. मी म्हणत होतो, तो बोल्टवर बसव, म्हणजे इंजिन काढता-घालता येईल. तू म्हणत होतास, बोल्ट ढिला होतो, सांधा ढिला होत नाही.

"इंजिन घालणार कसं मग?"

"खालनं. चासी वर उचलायची, इंजिन खालनं सारायचं."

"गिअरबॉक्सची शेपटी अडकेल."

"न्हाई अडकत. तिरपं करायचं."

"किती तिरपं? कागदावर दाखव."

"हातात आल्यावर दावतो."

एका बुधवारी मी आलो तर पाइप पक्का भरलेला. मला न विचारता. सांधा मात्र इतका सुरेख, एकावर एक ठेवलेल्या पैशांच्या चवडीसारखा, की मला नीट ओरडताही येईना. तेव्हा मला माहीत नव्हतं की आदल्याच दिवशी तू दवाखान्यातून आला होतास. डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते आज मला माहीत आहे. म्हणून तू घाई केलीस का? की खरंच तुझा त्यावर विश्वास होता? हे मी कुणाला विचारू?

त्यानंतर काम मंदावलं. आठवड्याला एक सांधा, कधी तोही नाही. मी यायचो तर तू बाकावर बसलेला, कानस हातात, आणि कानशीखाली काही नाही. मी चिडत गेलो. एके दिवशी पारनेरकडचा एक ट्रॅक्टरवाला दुकानात बसलेला असताना मी सरळ बोललो.

"बशीर, तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं सांग. मी पुण्याहून माणूस आणतो."

तू चष्मा काढलास. "आण की," म्हणालास. मग तुला खोकला आला, बराच वेळ आला. मला वाटलं, उत्तर टाळायला खोकतोयस. ट्रॅक्टरवाल्यानं उठून तुला पाणी दिलं. मी दिलं नाही.

हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. घरीसुद्धा सांगितलेलं नाही. माफी मागायची म्हणून दुसऱ्या दिवशी आलो होतो, पण तू मागच्या स्प्रिंगच्या आधाराचा पाइप घासत बसला होतास आणि म्हणालास, "धर इकडं, हलू देऊ नको." मी धरला. तासभर धरून उभा राहिलो. तुझं काम झालं, मी घरी गेलो. ते मागणं राहिलं ते राहिलंच.

शेवटचं तर तू कहर केलास. मी दोन दिवस पुण्याला गेलो होतो, गाडीची मीटरं आणि वायरी बघायला. जाताना तुला विचारलं, काय आणू? तू म्हणालास, "काचेचा चांगला चष्मा मिळाला तर बघ, ह्याच्यावर लई ठिणग्या बसल्यात." चष्मा घेऊन एसटीतून उतरलो. भर दुपारी दुकान बंद. सायकलवाला बाहेर आला, तोच, ज्याच्या पाटीवर बुच बसलं होतं. म्हणाला, "मास्तर, काल दुपारच्याला माती दिली. तुमाला सांगावा कुठं धाडनार?"

म्हणजे मी तुला मूठभर मातीसुद्धा दिली नाही. मी तेव्हा लक्ष्मी रोडवर काचा निरखत होतो.

आता आपलं खरं भांडण. तू मला का सांगितलं नाहीस? भाभी म्हणाल्या, "कळलं तर मास्तर गाडी उचलून नेईल, असं म्हनायचे." बरोबर आहे. नेली असती. त्याच संध्याकाळी चार माणसं आणून, तुझ्या शिव्या खात, तो सांगाडा शाळेच्या शेडमध्ये नेऊन टाकला असता. तू आणखी वर्षभर जगला असतास, कदाचित दोन वर्षं. आपण बाकावर बसून दुसऱ्या कशावरून तरी भांडलो असतो. तू माझ्या वतीनं परस्पर ठरवलंस. आजारी माणसाला राबवून घेणारा माणूस मला केलंस, मला न सांगता. मला ते पद नको होतं, बशीर.

हे सगळं मी भाभींसमोर बोललो. जरा मोठ्यानंच बोललो. त्या दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी काय कमी भांडले? मी बायको हाय. मला म्हनले, ट्रॉल्या तर जलमभर केल्या, हमीदा. ही एक करू दे." सुपातलं सारखं करून पुढं म्हणाल्या, "मंगळवारी दवाखान्यातनं आले की जेवायचे न्हाईत. बुधवारी त्या चौकटीला हात लावला की जेवायचे. आता तुमीच सांगा, मी काय करायचं हुतं?"

 मला अजूनही तुझं पटलेलं नाही. पण तू मला दिलंस काय ते मला ठाऊक आहे. माझ्यासारखे कागदावर गाड्या काढणारे मास्तर गावोगाव आहेत. त्यांच्या रेघांना हात लावून बघता येईल असं कुणी करून देत नाही.

भाभींनी महिन्याभरात दुकान रिकामं करून मागितलं. भाड्यानं द्यायचंय, त्यांचंही बरोबर. म्हणून गेल्या आठवड्यात इंजिन बसवायला काढलं. नागापूरच्या कारखान्यात सोनवणे म्हणून एक वेल्डर आहे, तो रविवारी आला. आधी तुझ्याच पद्धतीनं केलं, हे लक्षात घे. साखळीनं चासी वर उचलली, इंजिन खालून सरकवलं, तिरपं केलं. डावीकडं तिरपं केलं, उजवीकडं केलं, पुढून उचललं, मागून उचललं. शेपटी जाते तर तेलाची टाकी खालच्या पाइपाला अडते. टाकी सोडवावी तर शेपटी अडते. उन्हं डोक्यावर येईस्तोवर आम्ही तेच केलं. सोनवणेच्या बोटाचं साल निघालं.

"मास्तर, वरचा पाइप काढल्याबिगर न्हाई व्हायचं," तो म्हणाला. मग त्यानं वाकून सांधा बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. "कुणी मारलाय? ह्यो मला कापाया लावू नका."

मग मीच करवत घेतली. दोन पाती मोडली. तिसऱ्या पात्यानं, दिवस कलता कलता, अस्रची अजान होता होता पाइप सुटला, हातात आला. इंजिन वरून अलगद उतरलं, आपल्या जागी बसलं. सोनवणेनं त्या पाइपाला दोन टोकांना जाड पट्ट्या भरल्या, चार बोल्ट घातले, जसं मी सहा महिने म्हणत होतो तसं.

माझं बरोबर होतं. आणि मला त्याचा एवढा राग आला की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कारण कदाचित तुला एखादा कोन माहीत असेल. हातात आल्यावर दावतो म्हणाला होतास. मला तो सापडला नाही एवढंच सिद्ध झालं. तू नाहीस तोवर माझं बरोबर आहे की चूक, हे कधी ठरणारच नाही.

काल गाडी चालू केली. अंगावर पत्रा नाही, नुसती चासी, इंजिन, जुने ॲक्सल, बसायला एक फळी. सोनवणे शेजारी, एसटीतल्या दांड्याला धरल्यासारखा पाइपाला धरून. स्टेशन रोडवर लोक दुकानांतून बाहेर आले. केडगावच्या पुढं मोकळा सरळ रस्ता लागला तसा मी वेग दिला. खड्डे होते, रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती. एक सांधा कुरकुरला नाही. मग मी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. सोनवणे ओरडला. मी बराच वेळ हात परत ठेवले नाहीत.

परत आलो तेव्हा भाभी दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. आत जाण्याआधी त्यांनी एवढंच विचारलं, "कशी हाय?"

मी म्हणालो, "सरळ जाते."

सरळ जाते, बशीर. हात सोडले तरी सरळ जाते. आणि हे सांगायला मला तुझ्या बायकोसमोर उभं राहावं लागलं. हे तू बरोबर केलं नाहीस.